पहिली ओंजळ

गाव अजून दिसत नव्हते, पण विहिरीचा वास आला होता. तीनचाकी टेम्पोच्या पुढच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याने नाक वर करून तो दोनदा ओढून घेतला, आणि भांड्याचे झाकण उचलून आत डोकावणाऱ्या माणसासारखा समाधानाने म्हणाला, "कापड कुजलंय. कापड आणि केस. जनावरही आहे एखादं, पण ते अलीकडचं."

"पाणी किती असेल, आबा?" गाडी चालवणाऱ्या त्याच्या मुलाने विचारले.

"पाणी भरपूर असेल तर वास बुडून राहतो. हे कमरेच्या खाली गेलंय."

मागे दोर, कप्पी, घमेली आणि डिझेलचा पंप यांच्यामधून उरलेल्या जागेत म्हाताऱ्याची बायको आणि सून समोरासमोर बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर तिची मुलगी झोपली होती. तिला घरात सगळे ठकी म्हणत; नुकती चालायला लागलेली, तापलेल्या पत्र्यामुळे घामाने भिजलेली. सुनेने पदर नाकाला लावला तो स्वतःच्या नव्हे, मुलीच्या.

विहिरींचा गाळ उपसणे हा या घराचा पिढीजात धंदा. उन्हाळा कडक झाला आणि पाणी तळाला गेले की ते डोंगराकडून निघत आणि पाऊस येईपर्यंत गावोगाव फिरत. म्हाताऱ्याने असे सारे आयुष्य काढले होते आणि त्यातून त्याचे एक ठाम मत बनले होते: कोणत्या मुलखातला माणूस काय मानतो हे त्याच्या तोंडून ऐकू नये, त्याच्या विहिरीच्या तळाशी जाऊन पाहावे. डोंगराकडच्या विहिरींत लोखंड निघे. जमिनीखाली जे काही राहते ते लोखंडाला भिते अशी तिथली समजूत, म्हणून झिजलेले फाळ, विळे, दाराच्या कड्या पाण्यात पडत आणि गंजत. समुद्राकडच्या विहिरींत काहीच निघत नसे. पाणी दिलेली वस्तू केव्हातरी परत आणून देते असे तिथले लोक मानत, त्यामुळे नको असलेले सर्व काही ते वाळूत पुरत, आणि त्यांची कुत्री त्या वाळूतून काय उकरून आणतील याचा नेम नसे. नदीच्या खोऱ्यात, जिथे हे कुटुंब आता शिरत होते, आजार म्हणजे अंगात साठलेली आग असे मानत. ती विझावी म्हणून आजाऱ्याच्या अंगावरचे कपडे, जखमेच्या पट्ट्या, कापलेले केस, असे सारे गाठोडे बांधून विहिरीला देत, आणि त्याच विहिरीचे पाणी पीत. प्रत्येक मुलखातले लोक उरलेल्या दोन मुलखांना घाणेरडे समजत. या एका बाबतीत तिन्ही मुलखांचे निरीक्षण अचूक होते.

सून समुद्राकडची होती. तिचा बाप दोर वळायचा. "दोर घ्यायला गेलो आणि सून घेऊन आलो," असे म्हातारा चारचौघांत सांगे, आणि पुढे जोडी, "दोर मात्र टिकला." पूर्वी या वाक्यावर सूनही हसत असे.

मागल्या उन्हाळ्यात तिचा थोरला पोरगा गेला. त्यानंतर म्हातारा ते वाक्य बोलला नव्हता, पण ते त्याच्या जिभेवर येऊन परत जाताना तिला दिसत असे.

विहिरीपाशी राखणदार उभा होता. विहिरीची चावी, कठड्यावरचा दिवा आणि देवाच्या वतीने बोलणे या तिन्ही गोष्टी त्याच्या ताब्यात होत्या. धुतलेला सदरा, गळ्यात लाल दोरा, आणि बोलताना समोरच्याकडे न पाहता विहिरीकडे पाहण्याची सवय. त्याने टेम्पो कठड्यापासून लांब लावायला लावला.

"तुमची भांडी इथल्या रांजणाला लावायची नाहीत," तो म्हणाला. "तळाला हात लावणारी माणसं तुम्ही. पाणी तुम्हाला वरून ओतून मिळेल."

"चालतंय," म्हातारा म्हणाला. "समुद्राकडं तर आम्हाला ओतूनही देत नाहीत. वाळूवर ठेवून पळून जातात."

"ते लोक अडाणीच आहेत."

सून टेम्पोतून पंपाची नळी ओढत होती. तिने मान वर केली नाही.

"आता ऐका. गाळ काढायचा. दगड, फांद्या, जनावर पडलं असेल ते काढायचं. पण विहिरीला दिलेलं गाठोडं बाहेर टाकायचं नाही. वर काढायचं, बाजूला ठेवायचं आणि काम झालं की जसंच्या तसं परत तळाला ठेवायचं. उघडायचं नाही, धुवायचं नाही. ज्याचं गाठोडं बाहेर राहील त्याचा आजार उलटून घरी येईल."

मुलगा बापाकडे पाहू लागला. "मग उपसायचं कशाला?"

"घाण काढायला," राखणदार म्हणाला. त्याला प्रश्न कळला नव्हता.

सुनेने नळी खाली ठेवली आणि टेम्पोच्या कोपऱ्यातली पांढरी पिशवी उचलून आणली. मागच्या गावच्या दवाखान्यातल्या बाईंनी दिलेली ब्लिचिंग पावडर होती. "मामा, निदान हे तरी टाकू द्या म्हणावं. शेवटी."

राखणदाराने पिशवीचा वास घेतला आणि तोंड वाकडे केले. ज्या वासात तो लहानाचा मोठा झाला होता त्यापुढे हा त्याला असह्य वाटला. "विहीर मरते याने," तो म्हणाला. "पलीकडच्या गावात टाकलं होतं. पाण्यातले बेडूक मेले."

"बेडूक मेले म्हणजे काम होत होतं," सून म्हणाली.

"सूनबाई, ठेव ते," म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राखणदाराच्या आवाजाइतकाच दुखावलेला अभिमान होता. "मी उपसलेल्या विहिरीला पावडर लागत नाही. आमच्यात पहिली ओंजळ घरातलं सगळ्यात लहान पोर पितं, राखणदार. सगळ्या गावादेखत. हा बघा माझा पोरगा. रांगत होता तेव्हापासून प्रत्येक विहिरीचं पहिलं पाणी प्यायलाय. बघा छाती."

मुलाने नाइलाजाने छाती थोडी पुढे काढली.

"ओंजळ झाल्याशिवाय मजुरी नाही," राखणदार म्हणाला. "ते तर आमच्याकडंही ठाऊक आहे."

ते सगळीकडेच ठाऊक होते. लोखंड, वाळू आणि गाठोडी यांवर ज्यांचे कधी जमले नसते अशा तिन्ही मुलखांचे या एका गोष्टीवर एकमत होते. ज्याने विहीर साफ केली त्याने आपले मूल पणाला लावले म्हणजे पाणी चांगले. या पुराव्यात खोट काढावी असे कुणाला कधी वाटले नव्हते. मागल्या वर्षी, ठकी पोटात असताना, थोरला अशीच ओंजळ प्यायला, आणि आठवडा सरायच्या आत जुलाबांनी त्याच्या अंगातले सारे पाणी काढून घेतले. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो इतका हलका झाला होता की त्याच्याखालची चटई जागेवर राहावी म्हणून तिच्या कडेला वीट ठेवली होती. डॉक्टर म्हणाले, पाण्याने. म्हातारा म्हणाला, खालची हवा. तिच्या नवऱ्याने विचारलेच नाही, आणि सून काही बोलली नाही, कारण वाटी तिच्याच हातात होती.

आता घरातले सगळ्यात लहान पोर ठकी होती.

सकाळी पंपाने उरलेले पाणी ओढून काढले. ते गटारातून वाहत गेले तेव्हा आधी हिरवे, मग करडे आणि शेवटी चहाच्या गाळासारखे काळपट होते. गल्लीतल्या कोंबड्या त्याच्या कडेला आल्या, चोच घातली आणि परत गेल्या. म्हाताऱ्याने कंदील पेटवून दोराने खाली सोडला. अशा खोल ठिकाणी हवा अडकून विषारी होते. ज्योत विझली तर माणूस उतरत नाही. एवढी एक गोष्ट तो कुठल्याही देवाच्या नावाशिवाय करत असे. ज्योत बारीक झाली, थरथरली, पण टिकली.

"जा," तो म्हणाला. "डोकं फिरायला लागलं तर दोर दोनदा ओढ. शहाणपणा करू नको."

मुलगा उघडा, फक्त चड्डीवर, कमरेला दोर बांधून उतरला. वर कप्पीवर म्हातारा आणि सून. घमेले खाली जाई, भरे, वर येई. सून ते ओढून कठड्यावर टेकवी, सासू उचलून गाळ ओतायच्या खड्ड्यापर्यंत नेई. गाळ गुळगुळीत, जड आणि गरम होता. त्यात हात घातला की आत कुठेतरी बुडबुडा फुटून सडक्या अंड्याचा वास सुटे. सुनेच्या मनगटांवर, कोपरांवर, मानेवर तो सुकून पांढरट पापुद्रा धरू लागला, आणि घाम त्यातून रेघा काढत उतरू लागला. ठकी दूर लिंबाच्या सावलीत टेम्पोच्या चाकाला बांधलेली होती आणि स्वतःच्या झबल्याचा गळा चोखत होती. दात येत होते तिला. जे हाताला लागेल ते तोंडात जाई.

आधी कुत्रा निघाला. त्याची कातडी घमेल्यात आली, कुत्रा मागाहून. मग गाठोडी यायला लागली.

गाव तोवर जमले होते. लोक नाकाला रुमाल लावून उभे होते, पण मान पुढे काढून. प्रत्येकाला आपले गाठोडे ओळखू येत होते, किंवा यावे असे वाटत होते.

"ती निळी पट्टी आमच्या सासऱ्यांची," एक बाई म्हणाली. "पायाची."

"पाय बरा झाला का?" म्हाताऱ्याने घमेले टेकवता टेकवता विचारले.

"काढावा लागला."

"मग निवला म्हणायचा."

दोघे-तिघे हसले. बाई हसली नाही. तिला हे उत्तर बरोबरच वाटले होते.

गाठोडी खड्ड्याजवळ फरशीवर ओळीने मांडली गेली. काहींच्या गाठी शाबूत होत्या. काहींचे कापड इतके मऊ झाले होते की ते उचलताना आतला ऐवज बोटांमधून ओघळे: केसांचे लगदे, पट्ट्यांवरचा पिवळा थर, एका गाठोड्यात दात, एकात नाळेसारखे काहीतरी काळे वळलेले. माशा आधी कुत्र्यावर बसल्या होत्या. आता त्यांनी कुत्रा सोडला. सासूने तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि पुढचे घमेले उचलले.

दुपारी एक मोठे गाठोडे अर्ध्या वाटेवर फुटले. खालून मुलाचा आवाज आला. ओरडणे नव्हते ते. पोटातून आलेला उमासा होता. मग ओकारीचा आवाज. ते जे काही होते ते त्याच्या खांद्यावर, मानेवर आणि उघड्या तोंडात पडले होते.

"वर येऊ का, आबा?"

म्हाताऱ्याने राखणदाराकडे पाहिले. राखणदार म्हणाला, "ते गोळा करा. सगळं."

"गोळा कर रे," म्हातारा खाली वाकून म्हणाला. "विहीर त्यांची, घाण त्यांची. आपल्याला काय."

मुलाने ते हातांनी गोळा केले. सून दोर धरून उभी होती; दोरातून तिला प्रत्येक उमासा कळत होता.

पहिल्याच संध्याकाळी मुलाला बाजूला बसवून दोघी बायकांनी धुतले. वरून ओतून मिळालेले पाणी अर्धी बादली होते. साबणाने फेस धरेना. सासू त्याच्या नखांतला गाळ काडीने उकरत होती, सून मान घासत होती.

"उद्या गाठोडी परत नेऊन ठेवायची म्हणतात," तो म्हणाला. "कोनाडे आहेत तळाला, त्यात. म्हणजे मी आज वर आणलेलं उद्या खाली न्यायचं. आणि आपण म्हणायचं, साफ झाली."

"मग ठकीला ते पाजायचं?" सून म्हणाली.

त्याने ओल्या हाताने तोंड पुसले. "मी प्यायलोय ना गं. प्रत्येक विहिरीचं. आबा खोटं सांगत नाहीत. थोरल्याचं आपलं नशीब होतं." मग त्याला पुन्हा उमासा आला आणि तो लिंबामागे गेला.

दोघी बायका बादलीशी उरल्या. उजेड होता अजून. समोर फरशीवर ओल्या गाठोड्यांची रांग होती आणि कुणीतरी भक्तीने प्रत्येकावर एकेक फूल ठेवून गेले होते. माशांनी फुलांना हात लावला नव्हता.

"आत्या," सून म्हणाली, "ठकीला मी पाणी देणार नाही. मजुरी गेली तरी चालेल. मला हाकलून दिलं तरी चालेल."

"नको देऊस," सासू म्हणाली.

सुनेने भांडणाची तयारी केली होती. ती आता तशीच हातात राहिली.

"मामा ऐकतील?"

"त्यांना कोण सांगतंय." सासूने हात पुसले, ठकीची वाटी उचलली आणि ठकीला मांडीवर ओढले. "हे बघ. वाटी ओठाला लावायची. अंगठा इथं, खालच्या ओठाच्या खाली. वर दाबून धरायचा. बाकीची बोटं गालावर. लांबून बघणाऱ्याला वाटतं, आई लाड करतेय. पाणी हनुवटीवरून खाली जातं. पोर चिडतं, रडतं. रडलं की लोक हसतात, आणि हसताना कुणी बघत नाही. झालं."

ठकीने रिकाम्या वाटीवर डोके आपटले.

"तुम्ही असंच करायचात?"

"ह्याच्या वेळी. एक थेंब जाऊ दिला नाही. मला माझ्या सासूनं शिकवलं, तिला तिच्या सासूनं."

"म्हणजे हे कधी प्यायलेच नाहीत."

"मोठा झाल्यावर प्यायला असेल. बारका असताना नाही."

"आणि मामांना ठाऊक नाही."

"त्यांची छाती फुगते पोराला दाखवताना. फुगू दे. त्यात आपलं काय जातंय?"

सुनेने हातातला साबण खाली ठेवला. तो फरशीवरून घसरत गेला आणि एका गाठोड्याला टेकला. दोघींपैकी कुणी तो उचलायला गेली नाही.

"आत्या, थोरल्याच्या वेळी तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात."

"होते."

"मी पाजलं. अख्खी वाटी पाजली. त्याला तहान लागली होती. वाटी संपली तर आणखी मागत होता, म्हणून आणखी दिलं."

सासू जबडा हलवायची थांबली.

"तुम्ही बघत होतात."

"तुझा अंगठा होता तिथं," सासू म्हणाली.

"मी हनुवटी पुसत होते त्याची."

"मला तिथून तसंच दिसलं." ती ठकीच्या वाटीकडे पाहत होती. "मला वाटलं, ही समुद्राकडची. तिकडच्या लोकांचा पाण्यावर भरवसा नसतो. ही कशाला पाजतेय. हिला काय शिकवायचं? माझ्याहून हुशार आहे, बघ अंगठा कसा धरलाय. असं मी मनात म्हटलंसुद्धा."

"आणि मला वाटलं, तुमच्या डोंगराकडं हे देवाचं असेल. नाही म्हटलं तर म्हणाल, हिला आपलं काही मानायचंच नाही."

"देवाचं कसलं गं. मजुरीचं."

"मग नंतर का नाही सांगितलंत? वर्ष झालं."

"नंतर सांगून काय होणार होतं?" सासू म्हणाली, आणि हे ऐकायला जेवढे कठोर वाटले तेवढे ते नव्हते, तिला खरोखरच उत्तर हवे होते. तिने तंबाखू थुंकली, चूळ भरायला वाटी उचलली, पाणी संपले आहे हे लक्षात आल्यावर परत ठेवली.

सून उठून ठकीला घेऊन टेम्पोमागे गेली. आलटून पालटून दोन्ही हातांचे अंगठे तिने पदराला पुसले, मग पुन्हा पुसले.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाठोडी घेऊन उतरला. राखणदार कठड्यावर बसून कोणते गाठोडे कोणत्या कोनाड्यात जाते आहे ते वरून सांगत होता. झऱ्यांना पाणी सुटले होते. संध्याकाळपर्यंत कोनाडे बुडाले. त्यापुढच्या सकाळी विहीर गुडघ्याच्या बरीच वर भरली होती, आणि वरून पाहणाऱ्याला पाणी निळे, थंड आणि निर्मळ दिसत होते. आभाळ दिसेल इतके स्वच्छ. पाण्याचा हा गुण फार जुना आहे आणि त्याने आजवर जितकी माणसे फसवली तितकी कुठल्या ठगाने फसवली नसतील.

गाव धुतलेल्या कपड्यांत आले. राखणदाराने पहिली बादली स्वतः ओढली. म्हाताऱ्याने अंगात कोट घातला होता, त्या उन्हात. त्याने मुलाला पुढे करून छातीची गोष्ट पुन्हा सांगितली. लोकांनी माना हलवल्या.

"आणा पोर," राखणदार म्हणाला.

सून ठकीला घेऊन पुढे आली. ठकीने बादली पाहिली आणि दोन्ही हात तिच्याकडे केले. सकाळपासून सुनेने तिला उकळलेल्या पाण्याचे दोनच घोट दिले होते, कारण सरपण तेवढेच होते. मुलीला तहान होती. सुनेने वाटी ओठाला लावली. अंगठा खालच्या ओठाच्या खाली. वर. बोटे गालावर.

ठकीच्या जबड्यात एवढी ताकद असेल हे तिला ठाऊक नव्हते. ती अंगठ्याला ढकलत होती. पाणी ओठांवरून, हनुवटीवरून, गळ्यावरून झबल्यात गेले. ठकीने किंकाळी फोडायला तोंड उघडायचा प्रयत्न केला आणि अंगठ्याने ते मिटून धरले. वाटी रिकामी झाली तसा सुनेने हात काढला, आणि मुलगी लालबुंद होऊन रडायला लागली.

लोक हसले.

"अजून पाहिजे तिला," कुणीतरी म्हणाले.

सासू गर्दीतून पाहत होती. तिने मान किंचित हलवली. मुलाने ओंजळ घेतली, प्यायला, आणि घशाखाली उतरताना त्याचे डोळे क्षणभर मिटले. त्या पाण्याखाली काय आहे ते त्याने स्वतःच्या हातांनी ठेवले होते, आणि तरी प्यायला. म्हाताऱ्याने तर ओंजळ भरून घेतली, घोट तोंडात खेळवला आणि म्हणाला, "गोड."

मग गाव पुढे झाले. लोटे, कळशा, बाटल्या. सून मागे सरली तेव्हा एक बाई तिच्या बाजूला आली. काखेत बाळ होते, ठकीहून बरेच लहान, डोळे जड, गाल तापलेले. बाईच्या हातात भरलेली वाटी होती.

"ताप उतरत नाही," ती म्हणाली. "म्हटलं, नवं पाणी पडलं पोटात की निवेल."

"उकळून दे," सून म्हणाली.

"उकळलं तर निवणार कसं?"

"नको देऊस. तळाला काय आहे मी बघितलंय."

"तुझ्या पोरीनं आत्ताच प्यायलं की. सगळ्या गावानं बघितलं."

सुनेने चहूकडे पाहिले. राखणदार मजुरी मोजून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवत होता. नवरा पंप टेम्पोत चढवत होता. आवाज थोडा चढवला असता तर सगळ्यांना ऐकू गेला असता. तिने तो चढवला नाही.

"ती प्यायली नाही," ती म्हणाली. "मी तोंड दाबून धरलं होतं. अंगठ्यानं. बघ, झबलं भिजलंय सगळं."

बाईने भिजलेल्या झबल्याकडे पाहिले, मग सुनेच्या तोंडाकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर समजूतदार हसू आले, रागाचे अजिबात नाही.

"तू समुद्राकडची ना? बोलण्यावरून कळलं मला. तुमच्याकडं पाण्याला मानत नाहीत म्हणतात." तिने बाळाचे डोके मागे कलते केले. "असू दे. ज्याचं त्याचं. आमच्याकडं मानतात."

बाळ प्यायले. त्याच्या हनुवटीवर एक थेंबही सांडला नाही. बाई सवयीची होती.

सून टेम्पोत चढून बसली तेव्हा तिचे दात एकमेकांवर आवळलेले होते. सासू समोर येऊन बसली. गाडी सुरू झाली. विहिरीमागच्या वळणावर गाळाचा खड्डा लागला; कुत्र्याचे जे उरले होते त्यावर कावळे होते. मग मोकळा रस्ता, तापलेला, आणि पत्र्याची थरथर.

पुढच्या बाकावर म्हातारा खुशीत होता. त्याचा आवाज मागे येत होता. "चांगलं गाव. पुढच्या वर्षीही बोलावतील. अशी गावं सांभाळायला लागतात."

सुनेने डोळे मिटून घेतले होते. मांडीवरचे रडणे थांबले होते, हुंदकेही थांबले होते, आणि त्या जागी एक बारीक, लयीत चाललेला आवाज येत होता. तो तिच्या ध्यानात यायला वेळ लागला.

तिने खाली पाहिले. ठकी झबल्याचा गळा दोन्ही मुठींनी तोंडात कोंबून चोखत होती. कापड छातीपर्यंत ओलेचिंब होते. ती ते पिळून पिळून चोखत होती, मन लावून, डोळे अर्धे मिटून, तहानलेले पोर चोखते तसे. गळ्याजवळचा भाग जवळजवळ कोरडा झाला होता.

सुनेने कापड ओढले. ठकीने हिरड्यांनी धरून ठेवले. सासू पुढे सरकली, तिने एका हाताने मुलीचा जबडा दाबून उघडला आणि दुसऱ्या हाताने झबले डोक्यावरून काढून मागे रस्त्यावर फेकले. सून पदराच्या कोरड्या टोकात बोट गुंडाळून मुलीचे तोंड आतून पुसू लागली: जीभ, टाळू, गालांच्या आतल्या बाजू, हिरड्या, पुन्हा जीभ. ठकीला तो खेळ वाटला. तिने बोट चावले आणि हसली.

"बघितलंस ना?" पुढे म्हातारा मुलाला सांगत होता. "वाटी संपली तरी सोडायला तयार नव्हती. आपल्याच घरातली शोभते."

सासूने जबडा उघडा धरून ठेवला होता. सून पुसत राहिली.